पाठ्यपुस्तकातले आमचे भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एका छापखान्यात बाइंडर होते. त्याच छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. त्यामुळे घरचे भाऊजी मला कामावरही दिवसभर समोर दिसायचे. छापून दुमडलेल्या कागदांचे फर्मे शिवताना, पुठ्ठ्याला खळ लावताना, नाहीतर कडा कापून झाल्या की पुस्तकाच्या पाठीवर थाप मारताना.

भाऊजींना तसं आयुष्यात काही कमी नव्हतं. तब्येत खणखणीत, भूक कडकडून लागायची, झोप अशी की शेजारी भिंत पाडली तरी कूस बदलायचे नाहीत. फक्त चेहरा तेवढा त्यांना चुकून दुसऱ्या कुणाचा मिळाला होता. भुवया मधोमध वर चढलेल्या, ओठांची टोकं खाली ओघळलेली आणि डोळे आत्ता भरून येतील की मग, असे. बरं, ते आनंदात असले की हा सगळा प्रकार वाढायचा. बसमध्ये अनोळखी बायका उठून त्यांना जागा द्यायच्या. दुकानदार सामान देताना त्यांच्या हातावर हलकेच थोपटायचा. छापखान्यात त्यांना सगळे ‘सांत्वनराव’ म्हणायचे आणि त्या हाकेला ते खुशीत, म्हणजे अगदी रडवेल्या चेहऱ्याने, ‘ओ’ द्यायचे.

ताई सांगायची, “पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला वाटलं, यांना मी मुळीच पसंत नाही. कुणीतरी यांना जबरदस्तीने आणून बसवलंय. नंतर कळलं की इतके खूष ते त्याआधी कधी झालेच नव्हते.”

तर अशा माणसाच्या आयुष्यात एक दिवस नवं पुस्तक आलं.

गावातल्या मोठ्या रुग्णालयातल्या एक डॉक्टरीणबाई परिचारिकांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होत्या. जाडजूड, रंगीत, धड्याधड्याला फोटो. जुन्या पुस्तकांवर त्यांचा भारी राग. “त्यातले पेशंट बघा,” त्या आमच्या मालकांना सांगत होत्या, “केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री, आणि बोट छातीवर ठेवलंय म्हणून याला हार्ट अटॅक! अशी पुस्तकं वाचून आलेल्या मुली खरा पेशंट बघितला की गडबडतात.” त्यांनी एक नाटकातला नट ठरवला होता. पण त्याला प्रत्येक आजारात देखणं दिसायचं होतं. कावीळ झाली तरी त्याची हनुवटी वर.

कागद निवडायला त्या छापखान्यात आल्या होत्या. भाऊजी कोपऱ्यात डबा खात बसले होते. डब्यात त्यांच्या आवडीची भाजी होती. डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या.

“त्यांना कुठे दुखतंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“कुठेच नाही,” मालक म्हणाले. “जेवतायत.”

“किती दिवसांपासून असे आहेत?”

“जन्मापासून.”

नटाला त्याच संध्याकाळी निरोप गेला.

फोटो आमच्या कागदाच्या गोदामातच काढले. एक लोखंडी खाट, पांढरी चादर, आणि भाऊजी. फोटोग्राफरने पहिल्याच दिवशी त्यांना ताकीद दिली, “काका, तुम्ही काहीही करू नका.” आणि खरंच, काही करावं लागलं नाही. हात कपाळावर ठेवला की अर्धशिशी. तोच हात पोटावर आणला की अपेंडिक्स. कमरेवर नेला की मूतखडा. गळ्याभोवती मफलर गुंडाळला की दमा. चेहरा सगळीकडे एकच, पण प्रत्येक ठिकाणी असा चपखल बसायचा की धडा त्या फोटोसाठीच लिहिलाय असं वाटावं. डॉक्टरीणबाई दर फोटोनंतर “अरेरे!” म्हणायच्या. ती त्यांची शाबासकी होती.

अडलं ते शेवटच्या धड्याला. मृत्यूनंतर देहाची काळजी कशी घ्यायची, असा तो धडा. भाऊजी चादर ओढून आडवे व्हायला तयारच होते, पण ताईच्या कानावर गेलं आणि ती तडक गोदामात येऊन उभी राहिली.

“फोटोत का होईना, माझ्या नवऱ्याला मारायचं नाही,” ती म्हणाली.

“अहो वहिनी, हे शिक्षणासाठी आहे,” डॉक्टरीणबाई समजावू लागल्या.

“शिक्षण कॉलऱ्यापर्यंत झालं ना? बास झालं.”

शेवटी तडजोड झाली. चेहरा दाखवायचा नाही, नुसती पावलं. अंगठ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. पण भाऊजींना पावलांना भयंकर गुदगुल्या व्हायच्या. दोरा लागला की मयत खाटेवर उसळायचं. फोटोग्राफर टेकीला आला. त्या धड्यातलं चित्र नीट पाहिलं तर आजही एक पाऊल जरा धूसर दिसतं.

पुस्तक निघालं आणि गाजलं. लांबलांबच्या परिचारिका-विद्यालयांनी ते लावलं. भाऊजींनीच त्याच्या प्रती बांधल्या. स्वतःच्या सगळ्या व्याधींना स्वतःच शिलाई घालून, वर पुठ्ठा चढवून त्यांनी त्या गाड्यांत भरल्या. मग ते सगळं विसरून दिवाणी खटल्यांच्या एका ग्रंथाला लागले.

पुढे आमचे मालक हर्नियाच्या ऑपरेशनसाठी त्याच रुग्णालयात दाखल झाले. भाऊजी फळांची पिशवी घेऊन त्यांना भेटायला गेले. दारातून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच विद्यार्थिनींचा एक घोळका किंचाळला.

“काका, तुम्ही उठलात कशाला?”

काही कळायच्या आत त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. एकीने नाडी धरली, दुसरीने पाठीमागे उशी लावली. मग त्यांच्यात वाद सुरू झाला. एक म्हणे हे दम्याचे काका, दुसरी म्हणे छे, हे तर मूतखड्याचे. तिसरीने फळांची पिशवी काढून घेतली, कारण तिच्या मते ते मधुमेहाच्या धड्यातले होते आणि त्यांना चिकू चालत नव्हते. मालक वरच्या मजल्यावर फळांची वाट बघत बसले. भाऊजी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून घरी आले आणि म्हणाले, “फार प्रेमळ लोक आहेत गं!” म्हणताना डोळे असे भरलेले, की ताईला वाटलं मालक गेले.

ही बातमी विद्यालयाच्या मोठ्या सिस्टरांच्या कानावर गेली. करारी बाई. त्यांच्या चपलांचा आवाज आला की विद्यार्थिनींची कुजबुज आपोआप थांबायची. त्यांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, की प्रॅक्टिकलच्या परीक्षेला पेशंट म्हणून येत जा. भाऊजी हरखून गेले. अडचण एवढीच झाली, की रुग्णालयाच्या फाटकावर पास करायचा तर त्यात चारच रकाने होते. डॉक्टर, कर्मचारी, नातेवाईक आणि साहित्य. पहारेकऱ्याने बराच विचार करून त्यांना ‘शैक्षणिक साहित्य’ ठरवलं. तेव्हापासून भाऊजी मागच्या, मालाच्या फाटकाने आत जायचे. एकदा त्यांच्यासमोर प्लॅस्टिकचा सांगाडा उतरवत होते, तर ते शांतपणे त्याच्या मागे रांगेत उभे राहिले.

आता भाऊजींनी हे काम फारच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी पुस्तक उघडून आरशासमोर सराव. पण खरं सांगायचं तर अभिनय हा त्यांचा प्रांतच नव्हता. संधिवाताला खोकायचे, दम्याला लंगडायचे. आणि त्यांनी काहीही केलं तरी चेहरा बघून सगळ्या विद्यार्थिनी एकच उत्तर द्यायच्या, “हृदयविकार.” पाय मुरगळलाय असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तरी हृदयविकार.

मला वाटलं, आता मोठ्या सिस्टर यांना नारळ देणार. पण त्या खूष होत्या. “चेहऱ्यावर जाऊ नका, तपासा, असं मी या मुलींना कधीपासून ओरडून सांगतेय,” त्या मला म्हणाल्या. “आता रोज नापास होतात, तेव्हा कुठे डोक्यात शिरतंय.”

मग त्यांनी आणखी एक टूम काढली. अचानक परीक्षा. काही न कळवता भाऊजींनी थेट तातडीच्या विभागात जायचं आणि कळ आल्यासारखं करायचं. तिथल्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी त्यांना खऱ्या पेशंटसारखं हाताळायचं. मोठ्या सिस्टर पडद्यामागे बसून गुण देणार. नियम असा, की नाडी आणि ताप खरा बघायचा. सुई, सलाइन, औषध मात्र ‘समजा’. म्हणजे तोंडाने म्हणायचं, ‘मी सुई टोचते आहे असं समजा’, आणि पेशंटने ‘आई गं’ म्हणायचं. भाऊजींचं ‘आई गं’ मात्र झकास होतं. घरी भाजी आवडली तरी ते तसंच म्हणायला लागले.

असं सगळं मजेत चाललं होतं. आणि एका सकाळी ताईचा मला फोन आला.

“लगेच ये. हे हसतायत.”

मी धावत गेलो. भाऊजी खुर्चीत बसले होते. समोर चहाचा कप तसाच. आणि चेहरा? मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. भुवया सरळ, ओठांची टोकं वर, गालांवर चमक. साबणाच्या जाहिरातीत असतो तसा प्रसन्न माणूस.

“भाऊजी, काय झालं?”

“काही नाही रे,” ते मंद हसत म्हणाले. “बेंबीपाशी जरा कळ येत होती. आता ती उजवीकडे खाली सरकली. कुणीतरी आत पेचकस फिरवतंय असं वाटतंय.” आणि गोड हसले.

ताईने कपाळावर हात मारला. “अरे, ज्याचं सुखात तोंड पडतं, त्याचं दुखल्यावर असंच होणार. माझ्या डोक्यात आधी कसं आलं नाही? हा माणूस आजपर्यंत कधी आजारीच पडला नाही ना!”

आम्ही रिक्षा केली. वाटेत रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, “काकांची लॉटरी लागली वाटतं?”

तातडीच्या विभागात पोचलो. टेबलाशी बसलेल्या सिस्टरने भाऊजींना पाहिलं आणि ती ताठ उभी राहिली. तिने सहकाऱ्यांना डोळ्यांनी खूण केली. सगळ्यांचे कपडे सरळ झाले. कुणीतरी जमिनीवर पडलेला बोळा उचलला. खोलीच्या टोकाला पडदा होता, तो वाऱ्याने हलला. सगळ्यांनी तिकडे एकदा बघून घेतलं.

“या काका, या!” सिस्टर जरा मोठ्यानेच म्हणाली. “पेशंट चालत आले आहेत. मी त्यांना धीर देते आहे. काका, घाबरू नका.”

“यांचं पोट दुखतंय हो,” ताई म्हणाली. “लवकर बघा!”

“नातेवाईक घाबरलेले आहेत,” सिस्टर पडद्याकडे तोंड करून म्हणाली. “मी त्यांनाही धीर देते आहे.” तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला.

भाऊजींना खाटेवर घेतलं. सगळं कसं झटपट, नेटकं, पुस्तकात छापल्यासारखं. एकीने तोंडात थर्मामीटर ठेवला. दुसरी नाडी मोजून म्हणाली, “वेगात आहे. जिना चढून आलेत.” मग ती नुसताच रिकामा हात त्यांच्या दंडाजवळ नेऊन म्हणाली, “मी सलाइन लावते आहे असं समजा.”

“समजा म्हणजे?” ताई म्हणाली.

“लागलं असं समजा.”

“अहो, मी कशाला समजू? लावा ना!”

सिस्टर कौतुकाने हसली आणि ताईच्या कानाशी लागली. “तुम्ही तर काकांपेक्षा सरस करताय हो. त्यांना आज जरा जमत नाहीये. बघा, हसतायत.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, ही परीक्षा नाही, हे खरंच आजारी आहेत. सिस्टर म्हणाली, “मागच्या वेळीही काका असंच म्हणाले होते.” ते खरं होतं. भाऊजींना ते वाक्य मोठ्या सिस्टरांनीच पढवलं होतं.

डॉक्टर आला. तरुण होता, आणि मागच्या अचानक परीक्षेत त्याचे गुण कापले गेले होते, म्हणून जास्तच तत्पर. त्याने पोट दाबलं, पटकन हात सोडला. भाऊजींचं स्मित कानापर्यंत गेलं.

“दुखलं?”

“आई गं,” भाऊजी थर्मामीटर ओठांत सांभाळत म्हणाले.

डॉक्टरने बोटांनी चाचपलं, प्रश्न विचारले, मग पाठ ताठ करून पडद्याला उद्देशून म्हणाला, “अपेंडिक्सला सूज. शस्त्रक्रिया करावी लागेल, उशीर करून चालणार नाही. सर्जनना कळवलं आहे असं समजा. नातेवाईकांची संमती घेतली आहे असं समजा. माझं झालं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर चोख होतं. एकाने चहा सांगितला. सिस्टर पडद्याकडे जाऊन अदबीने म्हणाली, “मॅडम, चहा घेणार ना?” आणि पडदा सारला. मागे कुणीच नव्हतं. एक उघडी खिडकी, आणि प्लॅस्टिकचा सांगाडा.

“मॅडम आल्या नाहीत?” डॉक्टर हिरमुसला. “म्हणजे याचे गुण मिळणार नाहीत?”

इथे ताईचा बांध फुटला. ती खाटेच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली आणि तिने पदर खोचला. “कुणी इथून हलायचं नाही! गुण हवेत? मी देते गुण! धीर द्यायला दहापैकी दहा. टाळ्यांना दहापैकी दहा. माणूस मरायला टाकलात त्याचा भोपळा! संसार केलाय मी या तोंडाशी. हे तोंड हसलं म्हणजे आत काहीतरी फुटतंय. त्या तोंडातली ती कांडी काढा आधी आणि बघा तिच्याकडे!”

सिस्टरने थर्मामीटर काढला. इतका वेळ तो तसाच राहिला होता. तिने तो उजेडात धरला, झटकला, पुन्हा तोंडात ठेवला, पुन्हा काढला. तिचा रंग उतरला.

“काका,” ती हळूच म्हणाली, “ताप कसा आणलात?”

“आपोआप आला,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद पसरला की बघवेना.

मग मात्र जे झालं ते ‘समजा’ नव्हतं. डॉक्टर धावला, सर्जन धावले, खाट धावली. लिफ्टच्या दाराशी भाऊजी सगळ्यांकडे बघून एखाद्या सत्कारमूर्तीसारखे हसत होते, आणि आजूबाजूचे सगळे मात्र रडकुंडीला आलेले. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, असं सर्जन नंतर म्हणाले. दुपारपर्यंत थांबलो असतो तर कठीण होतं.

शुद्धीवर आणल्यावर आम्हाला आत सोडलं. ताई पुढे झाली. भाऊजींनी डोळे उघडले. आधी ते जरासे हसतमुख होते. वेदना थांबवायचं औषध चढलं, तसतसं ते हसू ओसरलं. भुवया मधोमध वर चढल्या. ओठ ओघळले. डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

ताई खाटेचा दांडा धरून खाली बसली. “बरे आहेत,” ती मला म्हणाली. “आता बरे आहेत.” आणि मग ती रडली. ते दोघं एकमेकांकडे असे काही बघत होते, की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने न विचारताच आम्हाला आपली मोसंबी देऊन टाकली.

मोठ्या सिस्टर भेटायला आल्या. त्या कुणालाच रागावल्या नाहीत, याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली. अचानक परीक्षा त्यांनी त्या दिवसापासून बंद केली. त्यांच्या पाठोपाठ डॉक्टरीणबाई आल्या. त्या मात्र खाटेशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या पुस्तकात एक धडा राहिलाय. पेशंटच्या घरच्या माणसाचं ऐकायचं, हे मी कुठेच लिहिलं नाही. नव्या आवृत्तीत घालते. वहिनी, त्यासाठी तुमचा फोटो लागेल.”

ताईने आढेवेढे घेतले आणि लगेच हो म्हटलं.

फोटो खऱ्या वॉर्डातच काढायचं ठरलं. भाऊजी अजून खाटेवरच होते, आणि फोटोत शेजारी उभं राहायला तातडीच्या विभागातला तो तरुण डॉक्टर आला होता. ताई ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेल लावून आली. फोटोग्राफर म्हणाला, “ताई, काळजीत असल्यासारखं बघा.” ताईने कॅमेऱ्याकडे बघून झकास स्मित केलं. त्याने सांगितलं, तुमचे यजमान गंभीर आहेत असं मनात आणा. ती म्हणाली, मनात आणलं, आणि पुन्हा तसंच हसली. एकामागून एक फोटो वाया जाऊ लागले. सगळ्यांत ती एखाद्या समारंभाला आल्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले.

तेवढ्यात भाऊजी खाटेवरून म्हणाले, “अगं ऐक ना. मला आता एकदम मोकळं वाटतंय. मालकांना निरोप पाठवलाय, उद्यापासून येतो म्हणून. ते खटल्यांचे ग्रंथ उचलून ठेवायचेत, माझ्याशिवाय कुणाला जमत नाही.”

“काय?” ताई गर्रकन वळली. “टाके काढले नाहीत अजून आणि ग्रंथ उचलायला निघालेत! डॉक्टर, तुम्ही काय नुसते बघत उभे राहिलात? काही सांगणार आहात की नाही यांना?”

फोटोग्राफरने बटण दाबलं.

तोच फोटो नव्या आवृत्तीत छापला. ताईचं तोंड उघडं, बोट थेट डॉक्टरच्या नाकासमोर, डॉक्टर एक पाऊल मागे. खाली लिहिलंय, ‘रुग्णाला सर्वांत जास्त ओळखणारी व्यक्ती’. त्याची मुद्रितं मीच तपासली आणि त्या ओळीत मला एकही चूक सापडली नाही.

भाऊजींना पुढे पेशंट म्हणून कुणी बोलावलं नाही. आता बोलावणं ताईला येतं. परीक्षेच्या दिवशी ती विद्यालयात जाते, एका रिकाम्या खाटेशेजारी उभी राहते आणि एकेका विद्यार्थिनीला फैलावर घेते. मुलगी न चिडता, न रडता तिचं सगळं ऐकून घेऊन नेमका प्रश्न विचारू शकली, तर पास. फाटकावर तिचाही पास करायची वेळ आली तेव्हा पहारेकरी ‘साहित्य’ लिहायला लागला होता. ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने ते खोडून ‘नातेवाईक’ लिहिलं आणि पुढचं फाटक उघडलं. भाऊजी तिची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन मागोमाग जातात आणि बाहेरच्या बाकावर बसून तिची वाट बघतात. येणारे-जाणारे त्यांच्याजवळ थबकतात आणि हळू आवाजात विचारतात, “आत कोण आहे तुमचं?”

“बायको,” भाऊजी अभिमानाने सांगतात.

मग लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात, आणि थोडा वेळ शेजारी बसतात.